उसना दिलेला खेळाडू

साशंक : ली कीगनची कारकीर्द समोर ठेवू, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. आयर्लंडमधल्या मेयो काउंटीच्या वरिष्ठ गेलिक फुटबॉल संघात तो 2011 साली आला आणि जानेवारी 2023 मध्ये काउंटीच्या फुटबॉलमधून निवृत्त झाला. या काळात मेयोचा संघ अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सहा वेळा उतरला : 2012, 2013, 2016, 2017, 2020 आणि 2021. सहाही वेळा हरला. 2013 साली डब्लिनकडून एका गुणाने. 2016 साली सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला, तेव्हा परत एका गुणाने. 2017 साली पुन्हा तेच डब्लिन आणि पुन्हा तोच एक गुण. 2016 च्या त्या फेरसामन्यात आणि 2017 च्या सामन्यात कीगनने बचावफळीतून पुढे येऊन गोल केला होता. 2016 चा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवड झाली तीही त्याचीच. पाच वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड. एवढ्या खेळाचा पगार शून्य. गेलिक फुटबॉल हौशी खेळ आहे, त्यामुळे प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. ज्या चषकासाठी एखाद्याने आपल्या तारुण्याची बारा वर्षं दिली तो सॅम मॅग्वायर चषक मेयोत 1951 नंतर आलेलाच नाही. मला कीगनबद्दल आदर आहे. म्हणूनच विचारतो, की या माणसाकडून एवढं घेणाऱ्या व्यवस्थेने त्याला दिलं काय?

चाहता : तुम्ही अर्धीच कारकीर्द सांगितलीत. काउंटीची. कीगन मेयोचा होण्याआधी वेस्टपोर्टचा होता, मेयोत असतानाही वेस्टपोर्टचाच होता. फेब्रुवारी 2017 मध्ये त्या क्लबने अखिल आयर्लंड मध्यम श्रेणीचं विजेतेपद मिळवलं, तेही क्रोक पार्कवर. ज्या मैदानावर मेयोच्या जर्सीत तो हरत आला, तिथेच गावाच्या जर्सीत जिंकला. पुढे 2022 साली वेस्टपोर्टने मेयो काउंटीची वरिष्ठ क्लब स्पर्धा जिंकली, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. त्यानंतर काही महिन्यांनी कीगनने काउंटीचा निरोप घेतला. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

या खेळाची घडणच तशी आहे. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लस गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. संघटनेचा पाया ठरला चर्चचा पॅरिश, म्हणजे चार-दोन गावांची वस्ती. पोराने सहा-सात वर्षांचा असताना ज्या क्लबात चेंडू हातात घेतला, तोच त्याचा क्लब. तिथे त्याला शिकवणारा गावचा शिक्षक असतो, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा कुणाचा तरी काका, आणि कपडे धुणारी कुणाची तरी आई. पैसे यांपैकी कुणीच घेत नाही. क्लबात चमकला की काउंटी बोलावते. पण काउंटी त्याला विकत घेत नाही, उसना घेते. तिशी उलटली की तो जिथून आला तिथे परत जातो, आणि गुडघे साथ देतील तोवर खेळतो. ही कारकीर्द शिडीसारखी वर चढत जात नाही, म्हणून तिला शिडीच्या मापाने मोजलं की ती अपुरी दिसते.

साशंक : उसना घेते म्हणता, तर उसनवारीच्या अटीही पाहू. 2018 साली डब्लिनच्या ईएसआरआय या संशोधन संस्थेने काउंटी खेळाडूंच्या आयुष्याची पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याला 31 तासांपर्यंत वेळ या खेळात जातो, असं त्यात आढळलं. चाळीस तासांच्या नोकरीवर एकतीस तास. सराव, व्यायामशाळा, बैठका, चित्रफिती पाहणं आणि सगळ्यात जास्त खाणारा तो रस्त्यावरचा वेळ, कारण नोकरी डब्लिनमध्ये आणि सराव पश्चिम किनाऱ्यावर. मग झोप कमी होते, बढती लांबते, मित्र दुरावतात. काउंटीचा प्रशिक्षक जेवणाचं वेळापत्रक ठरवतो आणि कित्येकदा गड्याने आपल्या क्लबाकडून कधी खेळायचं हेही ठरवतो.

ज्या क्लबाचे तुम्ही गोडवे गाता त्याचंच यात सगळ्यात जास्त नुकसान झालं. काउंटीचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालायचा. तोवर क्लबांच्या स्पर्धा अडकून पडायच्या. एप्रिलमध्ये एक सामना, पुढचा कधी ते काउंटी हरेल तेव्हा ठरणार. साध्या क्लब खेळाडूला लग्नाची तारीख काढता येत नव्हती, सुट्टीचं तिकीट काढता येत नव्हतं. चिडून त्यांनी 2017 साली क्लब प्लेयर्स असोसिएशन उभी केली. धनको दारात उभा आणि ऋणको म्हणतो, सवडीने देतो. हीच ना तुमची उसनवारी?

चाहता : आणि ती बदलली! संघटनेच्या 2021 च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वार्षिक अधिवेशनात, सभासदांनी मतदान करून हंगामाचे दोन भाग केले. 2022 पासून काउंटीचा खेळ जुलैमध्ये संपतो, पुढचे महिने क्लबांचे. सप्टेंबरचा अंतिम सामना ही तिथे केवढी जुनी परंपरा होती. शेतकरी सुगीचे दिवस तिच्याभोवती आखायचे. क्लबांसाठी ती सोडून दिली. ज्या संस्थेत खालच्या माणसाची तक्रार वरपर्यंत पोचून वर्षाचं वेळापत्रकच बदलतं, तिला मी निव्वळ शोषक म्हणणार नाही.

त्या पहिल्याच वर्षी काय घडलं ते पाहा. 24 जुलै 2022, केरी विरुद्ध गॉलवे, क्रोक पार्क, 82,300 प्रेक्षकांच्या क्षमतेचं मैदान. केरीच्या डेव्हिड क्लिफर्डने आठ गुण केले आणि सॅम मॅग्वायर केरीला गेला. जानेवारी 2023 मध्ये तोच क्लिफर्ड त्याच मैदानावर फॉसा या आपल्या छोट्या क्लबाकडून खेळत होता, अखिल आयर्लंड कनिष्ठ श्रेणीचा अंतिम सामना. कनिष्ठ म्हणजे वयाने लहान नव्हे, क्लबांची तिसरी पायरी. देशातला सर्वांत चांगला फुटबॉलपटू देशातल्या तिसऱ्या पायरीच्या स्पर्धेत जीव तोडून खेळतो, आणि त्याच्यासमोर त्याला अडवायला उभा असतो टायरोनमधल्या एका गावचा साधा क्लब खेळाडू. फॉसा जिंकलं. शेजारच्या किलार्नीत शाळेत शिकवणारा क्लिफर्ड वर्गात परत गेला. आता सांगा, युरोपातल्या कुठल्या खेळात हे शक्य आहे? हे शक्य होतं, कारण फॉसाकडून त्याला कुणी विकत घेऊ शकत नाही.

साशंक : कुणी विकत घेऊ शकत नाही याचा दुसरा अर्थ असा की तो सोडून जाऊ शकत नाही. जुलै 2022 च्या त्याच केरी-गॉलवे अंतिम सामन्यात गॉलवेच्या शेन वॉल्शने नऊ गुण केले होते, क्लिफर्डपेक्षा एक जास्त, आणि हरणाऱ्या संघात. त्यानंतर त्याने आपला क्लब बदलायचा अर्ज केला. किलकेरिन-क्लोनबर्न हा गावचा क्लब सोडून डब्लिनमधला किलमकुड क्रोक्स. तो राहत होता डब्लिनमध्ये. गाव दूर, प्रवासाने जीव मेटाकुटीला आलेला. साधा माणूस घर बदलतो तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या संघाकडून खेळतो, कुणी काही म्हणत नाही. वॉल्शवर मात्र देशभर चर्चा झडली, त्याच्या निष्ठेचा पंचनामा झाला. जानेवारी 2023 मध्ये तो किलमकुडकडून अखिल आयर्लंड वरिष्ठ क्लब विजेता झाला, तेव्हाही कौतुकात कडवटपणा होताच.

क्लिफर्डचंही पूर्ण बोला. त्या 2022 सालात तो केरीकडून खेळला, फॉसाकडून खेळला, आणि केरीच्या पद्धतीप्रमाणे आसपासच्या लहान क्लबांचा मिळून जो ईस्ट केरी संघ होतो त्याच्याकडूनही खेळला. ईस्ट केरीनेही त्या वर्षी काउंटीची वरिष्ठ स्पर्धा जिंकली. एक माणूस, तीन जर्सी, बारा महिने. हंगामाचे दोन भाग झाल्याने साध्या खेळाडूला वेळापत्रक मिळालं हे मान्य. पण जो सर्वांत चांगला, त्याची सुट्टी त्याच क्षणी गेली. पूर्वी दोन मालकांची भांडणं तरी होत होती, आता त्यांनी वर्ष वाटून घेतलंय.

आणखी एक. जन्म कुठे झाला यावर सगळं ठरतं. क्लिफर्ड केरीत जन्मला, जिथे विजेतेपदांची संख्या 2022 मध्येच अडतीसवर गेली. तो लीट्रिममध्ये जन्मला असता तर? लीट्रिमने अखिल आयर्लंड विजेतेपद कधीच मिळवलेलं नाही. कॉनॉट प्रांताचं मिळवलं दोनदा, 1927 आणि 1994. लीट्रिमच्या एखाद्या असामान्य पोराला तुम्ही काय सांगणार? तुझ्या आजोबांच्या वेळचा चषक आठव?

चाहता : त्याला मी 1994 आठवायला सांगेन. सदुसष्ट वर्षांनी प्रांत जिंकणं म्हणजे काय असतं ते केरीच्या माणसाला आयुष्यात कळणार नाही. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. जन्माचा अन्याय आहे. फक्त त्यावरचा उपाय काय म्हणून सुचवाल? खेळाडूंना मोकळीक द्या, पगार द्या? मग तो असामान्य पोरगा लीट्रिममध्ये एक हंगामही राहणार नाही. डब्लिन त्याला घेऊन जाईल. लोकसंख्या तिथे, पैसा तिथे, जाहिरातदार तिथे. लहान काउंटीकडे आज एकच संरक्षण आहे, तिचा माणूस तिचाच राहतो. ते काढून घेतलंत तर त्या पोराची कारकीर्द फुलेल कदाचित, पण त्याच्यामागून येणाऱ्या शंभर पोरांना खेळायला काउंटीच उरणार नाही. आणि तिकिटांचा जो पैसा आज खाली झिरपतो, गावोगावची मैदानं, दिवे, भिंती उभ्या करतो, तो मग वरच्या हजारभर खेळाडूंच्या पगारात संपेल.

शिवाय पैसा हेच सगळं असेल तर टाइग केनेलीचं काय कराल? केरीतल्या लिस्टोवेलचा पोरगा. कोवळ्या वयात ऑस्ट्रेलियाला गेला, तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये सिडनी स्वान्सकडून खेळला आणि 2005 साली मेलबर्नमध्ये विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे वडील वारले. ते, टिम केनेली, 1979 साली केरीचे कर्णधार होते आणि चषक त्यांनी उचलला होता. चांगला चाललेला पगार सोडून टाइग 2009 मध्ये परत आला, केरीकडून बिनपैशाने खेळला, आणि अखिल आयर्लंड जिंकूनच थांबला. दोन्ही देशांतली ही दोन विजेतेपदं एका माणसाकडे असण्याचं ते पहिलं उदाहरण. सिडनीत मिळणारं सगळं मिळाल्यावरही काहीतरी राहिलं होतं म्हणून तो आला. ते जे राहिलं होतं, त्याची किंमत तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहिता?

साशंक : सगळ्यांत वरच्या. ते मी कधीच नाकारलं नाही. पण केनेली परत येऊ शकला कारण आधी त्याला काही वर्षं पगार मिळाला होता, आणि वर्षभराने तो पुन्हा सिडनीला गेला. पोट भरलेल्या माणसाला प्रेमासाठी एक वर्ष देता आलं. कीगनला किंवा लीट्रिमच्या त्या पोराला असा निवांत वर्षभराचा पर्याय नसतो.

आता पैशाबद्दल माझं नेमकं म्हणणं ऐका, कारण तुम्ही माझ्या तोंडी पगार घालता आहात. अंतिम सामन्याच्या दिवशी क्रोक पार्कवर कॅमेरावाला पगारी असतो, समालोचक पगारी, बसचालक, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक पगारी. काउंटीच्या प्रशिक्षकांना टेबलाखालून पैसे दिले जातात ही इतकी उघड गोष्ट होती की 2012 साली संघटनेच्या महासंचालकांनाच त्यावर चर्चापत्रिका काढावी लागली. हौशीपणाचं व्रत काटेकोर पाळतात ते मैदानातले. महिलांचं तर विचारूच नका. त्यांची संघटना 1974 पासून वेगळी, आणि 2023 च्या उन्हाळ्यात काउंटीच्या महिला खेळाडूंना प्रवासखर्च आणि वैद्यकीय सोय यांसारख्या मूलभूत गोष्टींसाठी निषेध नोंदवत खेळावं लागलं. पुरुषांना जे थोडं मिळतं तेवढंच मागत होत्या त्या.

आणि कॉल्म कूपर. केरीने दिलेल्या सर्वांत देखण्या फुटबॉलपटूंपैकी एक. आठ वेळा ऑल-स्टार, 2004 ते 2009 या काळात केरीबरोबर चार विजेतेपदं, आणि नोकरी बँकेत. 2017 मध्ये त्याच्या सन्मानार्थ डब्लिनला निधी उभारणारं भोजन झालं, त्यातला काही हिस्सा देणगीला आणि काही त्याला. केवढा गदारोळ! त्याच्या खेळावर वर्षानुवर्षं तिकिटं विकली गेली त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. एका संध्याकाळी त्याच्या हातात काही पडणार म्हटल्यावर खेळाचा आत्मा धोक्यात आला.

चाहता : त्या भोजनाने मलाही अस्वस्थ केलं होतं, आणि ते मी अजून मागे घेत नाही. कूपरला चार पैसे मिळाल्याचं दुःख नव्हतं. भीती ही, की उद्या प्रत्येक मोठ्या नावाची थाळी लागेल, आणि त्याच संघात बारा वर्षं बचावफळीत मार खाल्लेल्या, नाव नसलेल्या गड्याची लागणार नाही. ड्रेसिंगरूममध्ये सगळे सारखे असणं, ही या खेळातली शेवटची समता आहे. पण कूपरचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याचं शेवटचं पान माझ्या बाजूचं आहे. 17 मार्च 2017, सेंट पॅट्रिकचा दिवस, क्लबांचा अंतिम सामना. डॉ. क्रोक्स, किलार्नीचा त्याचा क्लब, अखिल आयर्लंड विजेता झाला आणि गोल कूपरचा होता. काउंटीचं सगळं मिळवून झालेला माणूस या एका पदकासाठी इतकी वर्षं थांबला होता. पुढच्याच महिन्यात त्याने काउंटीचा निरोप घेतला. कीगनचाही तोच क्रम, आठवतो ना? क्लबाचं मिळालं, आता काउंटी सोडली.

साशंक : त्या पानाआधीचं पान तुम्ही उलटलंच नाही. फेब्रुवारी 2014. त्याच क्लब स्पर्धेचा उपांत्य सामना, कॅसलबार मिचेल्सविरुद्ध. कूपरच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, वाटीला तडा गेला. केरीने त्या सप्टेंबरमध्ये चषक जिंकला आणि मैदानावर तो नव्हता. दुखापत काउंटीच्या सरावात झाली नव्हती, क्लबाच्या सामन्यात झाली. म्हणजे ज्याला तुम्ही घर म्हणता त्या घरानेही घेतलंच.

माझं म्हणणं पगारापर्यंत कधीच जात नव्हतं. पगारी खेळाडूकडे करार असतो, आणि करारात पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट असते : किती द्यायचं याची हद्द. इतके तास, इतके सामने, इतकी विश्रांती, इजा झाली तर अमुक. हौशी माणसाकडे करार नसतो, म्हणून हद्दही नसते. त्याच्याकडे मागताना कुणालाच लाज वाटत नाही, कारण तो स्वखुशीने देतोय. आणि तो स्वतः कधी पुरे म्हणणार नाही; म्हटलं तर जागा घ्यायला गावातला धाकटा पोरगा तयार आहे, आणि दुकानात, चर्चमध्ये भेटणारी माणसं विचारणार आहेत, का रे, सोडलंस? प्रेम जितकं खरं, तितकं ते वापरून घेणं सोपं. तुम्ही ज्या प्रेमाचा पुरावा देत आलात, त्याच पुराव्यावर माझी तक्रार उभी आहे.

चाहता : हे मात्र मला खोडता येत नाही. खेळाडूंची जीपीए ही संघटना 1999 पासून आहे, ती अनुदानासाठी, शिष्यवृत्तीसाठी भांडली, थोडंफार मिळवलंही. पण हद्दीच्या बाबतीत तिचा हात आखडतो, कारण हद्द ओलांडणारे तिचे सभासदच. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने हिवाळी सरावावर बंदी घातली की तो चोरून चालल्याच्या तक्रारी येतात, आणि चोरून जाणाऱ्यांत खेळाडू पहिले. कायद्याने ही हद्द आखली जाईल असं मला वाटत नाही. आखायची तर ती क्लबाने. काउंटीसाठी हा माणूस एका जागेचा मानकरी आहे. क्लबाला तो सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे, त्याची आई माहीत आहे, त्याचा गुडघा माहीत आहे, आणि तो चाळिशीत लंगडेल तेव्हा त्याला रोज पाहावं लागणार आहे तेही क्लबालाच. उसना देणाऱ्याने म्हणावं, या वर्षी नाही देत. तो हक्क त्याच्याकडे हवा आणि त्याने तो वापरावा.

साशंक : वापरेल. काउंटीविरुद्ध नक्की वापरेल. पण शेवटची फेरी आहे, क्लबने चाळीस वर्षांत जिंकली नाही ती स्पर्धा एका सामन्यावर आली आहे, आणि पोराच्या गुडघ्याला सूज आहे. त्या रविवारी त्याला बाकावर कोण बसवणार?

चाहता : त्याची आई म्हणेल बसवा.

साशंक : आणि तो?